पावणेदोन मुठींवरचा ध्रुव

अर्जुना होवाळ हे मळेवाडीच्या हायस्कुलात भूगोल आणि विज्ञान शिकवायचे. कागदोपत्री त्यांची ओळख एवढीच. गावात मात्र त्यांना चांदणीमास्तर म्हणत. मळेवाडी म्हणजे आष्ट्यापासून तीन मैलांवरचं उसाचं गाव. आठवीच्या भूगोलात आकाशाचे दोन धडे होते, आणि बाकीचे मास्तर ते परीक्षेच्या आधी एका तासात उरकायचे. होवाळ मास्तरांना त्या दोन धड्यांना अख्खं वर्ष लागायचं. पावसाळा सोडला तर दर शनिवारी दिवेलागणीनंतर शाळेमागच्या खळ्यावर मुलं जमायची. मास्तर अंगावर घोंगडं घेऊन मधे उभे राहायचे आणि हात वर करायचे.

त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. दुसऱ्या महायुद्धात चार वर्षं पलटणीत होते, तेव्हा सरहद्दीवर एका वयस्क हवालदारानं त्यांना रात्री दिशा ओळखायला शिकवलं होतं. तीच त्यांची विद्या. हात लांब करायचा, मूठ वळायची. क्षितिजापासून मुठीवर मूठ मोजत वर जायचं. "आपल्या गावात ध्रुव पावणेदोन मुठींवर," ते सांगायचे. "उत्तरेला जाल तसा तो वर चढत जाईल. हिमालयात गेलात तर तीन मुठींवर. म्हणजे तारा बघून माणसाला आपण कुठं आहोत तेही कळतं."

पलटणीतून सुटल्यावर मास्तर मॅट्रिक झाले, ट्रेनिंग केलं, नोकरीला लागले. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव त्यांनी आणि बायकोनं, शालूबाईनं, मिळून नदीत सोडले. देव गेले, पण पहाटे उठून आभाळ बघायची सवय राहिली. चार वाजता उठायचे, बांधाबांधानं कृष्णेच्या बाजूला मैलभर जायचे. उसाच्या पानांवर दव असायचं, टिटवी ओरडायची, पूर्वेला एखादी चांदणी नुकतीच वर आलेली असायची. कोणत्या दिवशी कोणता तारा पहाटे पहिल्यांदा दिसला, ढोकरी बगळे कधी आले, शेवरीला फूल कधी लागलं, हे सगळं ते एका वहीत लिहून ठेवायचे. शालूबाई म्हणायची, "कुनाला दाखवायचंय हे?" मास्तर हसायचे. कुणाला दाखवायचं नव्हतं. त्यांना ते बरं वाटायचं, बस्स.

खळ्यावर येणाऱ्या मुलांत जालिंदर झांबरे सगळ्यात तरबेज निघाला. बाकीची पोरं सप्तर्षीला बाज म्हणायची. चार तारे बाजेचे पाय आणि तीन तारे ती चोरून नेणारे चोर, एवढ्यावर त्यांचं भागायचं. जालिंदर विचारायचा, "मास्तर, बाज खाली गेलेली असली तर ध्रुव कसा काडायचा?" मग मास्तरांनी त्याला शर्मिष्ठा दाखवली, पाच ताऱ्यांची, मोडक्या पायरीसारखी. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा तिच्यावरून उत्तर धरायची. पोराच्या एकदा ध्यानात आलं की ते कायमचं बसायचं.

जालिंदरचा बाप लहानपणीच गेलेला. घरी आई चंद्राबाई, दोन एकर ऊस आणि चुलता नानासो. मॅट्रिकला गणितात राहिला आणि गावच्या रिवाजाप्रमाणे भरतीला गेला. एकसष्टच्या वैशाखात त्याचं लग्न झालं, मुलगी मिरजेकडची, अंजना. त्यानंतर पुढच्या जानेवारीत तो महिनाभराच्या रजेवर आला होता. त्याच महिन्यात अष्टग्रहीची आवई उठली.

आठ ग्रह एका राशीत येणार, पृथ्वीचा अंत होणार, असं वर्तमानपत्रांतही छापून येत होतं. मळेवाडीत मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. नानासो झांबरे पुढाकार घेऊन यज्ञाच्या तयारीला लागले. लांबच्या लेकी माहेरी आल्या, कुणी घराबाहेर झोपू लागलं, भूकंप होईल म्हणून. शाळेत निम्मी मुलं येईनात.

मास्तरांनी वर्गात फळ्यावर सूर्य काढला आणि ग्रह कुठं आहेत ते दाखवलं. "हे सगळे सूर्याच्या जवळ आलेत, म्हणून ते दिसणारसुद्धा नाहीत. अवसेच्या रात्री आभाळात एकही ग्रह नसेल. घाबरायचं तर कशाला घाबरायचं?"

ही गोष्ट देवळात पोचली. नानासो वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमी देव सोडलासा. तुमास्नी गिऱ्हं कसली आल्यात? आमास्नी हायत."

"मी फक्त काय दिसतं ते सांगतोय, नानासो."

"सांगू नगासा."

दोन फेब्रुवारीला जालिंदरची रजा संपत होती. आदल्या संध्याकाळी चंद्राबाई मास्तरांच्या घरी आली. बौद्धवस्ती गावाच्या कडेला होती आणि चंद्राबाई तिकडं पहिल्यांदाच आली होती. ती अंगणात, तुळई टेकवून ठेवली होती तिच्याजवळ उभी राहिली, पुढं आली नाही.

"मास्तर, त्यो जातो म्हनतूय. मी म्हनतीया, पाच तारीख हू द्या, मंग जा. तर म्हनतूय मास्तरास्नी इचार. आता तुमीच सांगा. खरंच कायबी हुनार न्हाई?"

मास्तरांनी क्षणभरही विचार केला नाही. उलट त्यांना बरं वाटलं, की गाव मांडवात जमलं असताना ही बाई विचारायला आली. "काही होणार नाही, चंद्राबाई. माझा शब्द घ्या. रजा चुकली तर त्याला पलटणीत त्रास होईल. पाठवा त्याला."

तिनं मान हलवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी जालिंदर गेला. जाताना तो शाळेत येऊन मास्तरांच्या पाया पडला. बाकीची मुलं बघत होती, म्हणून मास्तर अवघडले.

पाच तारखेला संध्याकाळी मांडवात मंत्र चालू होते, आणि खळ्यावर अकरा मुलं. मास्तरांनी त्यांना मृग दाखवला, व्याध दाखवला, दक्षिणेला खाली अगस्ती दाखवला. अवसेचं आभाळ इतकं स्वच्छ होतं की मुलं माना वर करूनच उभी राहिली. एकही ग्रह नव्हता. रात्र सरली, सकाळी कोंबडा आरवला, बैल पाण्यावर गेले. आठवडाभर गाव एकमेकांना हसत होतं, आणि बऱ्याच जणांनी मास्तरांना रामराम घातला. मास्तरांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस असावेत.

सप्टेंबरच्या शेवटी जालिंदरचं पत्र आलं. ईशान्येकडच्या डोंगरात त्याची पलटण गेली होती, गावाचं नाव लिहायची परवानगी नव्हती. 'ती. मास्तर यांस जालिंदरचा शि. सा. नमस्कार. इथं थंडी फार आहे. पण तुम्ही सांगितलं ते खरं. मी मूठ लावून बघितलं. ध्रुव पावणेतीन मुठींवर आहे. आमच्या साहेबांना सांगितलं तर ते चकित झाले. आता मला सगळे रात्री दिशा विचारतात.' मास्तरांनी ते पत्र आठवीच्या वर्गात वाचून दाखवलं.

ऑक्टोबरात चीनशी लढाई सुरू झाली. नोव्हेंबरात ईशान्येकडची सगळी फळीच मोडली. आष्ट्याला रेडिओ होता, मास्तर रोज सायकलीवर जाऊन बातम्या ऐकून यायचे आणि झांबऱ्यांच्या दारात थांबून जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं सांगायचे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तार आली. जालिंदर झांबरे बेपत्ता.

मेला असं कुणी लिहिलेलं नव्हतं. चंद्राबाईनं तेवढंच धरलं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा वस्तीत आली. रडून डोळे सुजलेले होते, पण आवाज घट्ट होता. "मास्तर, त्येला वाट काडायला येतीया न्हवं? तुमी शिकवलंय न्हवं?"

"हो."

"मंग यील त्यो. बाकीची चुकतील. त्यो न्हाई चुकायचा. त्यो ध्रुव मला दाखवा."

मास्तरांनी तिला उत्तरेकडं वळवलं. तिचा हात लांब करायला लावला, मूठ वळायला लावली. बांगड्या कोपराकडं सरकल्या. तिला मुठी मोजता येईनात, मग शालूबाईनं तिचा दंड धरला आणि दोघींनी मिळून तो तारा गाठला. लहानसा, फिका. चंद्राबाई म्हणाली, "एवढाच?"

"एवढाच. पण तो हलत नाही."

त्यानंतर ती जवळजवळ रोज यायची. दिवा लावून झाला की यायची, उत्तरेकडं तोंड करून उभी राहायची. पहिले काही दिवस अंगणातच उभी असायची. मग शालूबाईनं पोतं टाकलं, तर त्यावर बसू लागली. एकदा ठसका लागला, शालूबाईनं तांब्या पुढं केला आणि चंद्राबाई त्यातलं पाणी प्याली. गावात त्याची चर्चा झाली. नानासोंनी तिला दोन शब्द सुनावले. ती म्हणाली, "तुमचा यज्ञ झाला की. आता मला माजं करू द्या."

बसल्या बसल्या ती विचारायची, "तिकडं आता त्येला हेच दिसत आसंल?"

"हेच. फक्त जरा वर."

"आन् ढग आसलं तर?"

मास्तर म्हणायचे, "ढग जातात." पण त्यांना ठाऊक होतं. पलटणीत त्यांनी डोंगर पाहिले होते. दाट जंगलात आभाळ दिसत नाही. धुकं आठ आठ दिवस हलत नाही. उपाशी माणसाला बर्फात मूठ वळता येत नाही. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. दिवसामागून दिवस ती यायची, आणि तिच्यासाठी ध्रुव दाखवताना मास्तरांना स्वतःचा आवाज खोटा वाटायचा. पहाटे बांधावरून जाताना टिटवी ओरडली की पूर्वी ते थांबायचे. आता चालत राहायचे. वहीत जानेवारीनंतर काही लिहिलं गेलं नाही.

उन्हाळा लागता लागता चीननं कैदी सोडले. नावं येत गेली. आसपासच्या गावांतले दोघं परत आले, त्यांची मिरवणूक निघाली. जालिंदरचं नाव नव्हतं. मास्तरांनी पलटणीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला कुणा कारकुनाचं उत्तर आलं की जालिंदरच्याच तुकडीतला एक शिपाई, तात्याबा, पायाच्या दुखापतीमुळं घरी आहे, राहणार मेढ्याजवळच्या एका वाडीत. त्याला विचारावं.

चंद्राबाई म्हणाली, "मी येतीया."

"डोंगरातली वाट आहे. मी जाऊन येतो," मास्तर म्हणाले. खरं कारण वाटेचं नव्हतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. मास्तर एस.टी.नं इस्लामपूर, कऱ्हाड करत साताऱ्याला पोचले, रात्र स्टँडवर काढली आणि सकाळच्या गाडीनं मेढ्याला उतरले. तिथून दीड तास चढ. करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या, खाली नदीचं पात्र वाळलेलं दिसत होतं. एरवी मास्तर अशा वाटेनं चार ठिकाणी थांबले असते. त्या दिवशी ते खाली बघून चालले.

तात्याबा घराच्या सोप्यात बसून वाखाची दोरी वळत होता. तरणाबांड गडी. दोन्ही पायांची बोटं नव्हती. जालिंदरच्या गावचे मास्तर आलेत म्हटल्यावर त्यानं दोरी खाली ठेवली. त्याच्या आईनं पानाच्या द्रोणात करवंदं आणून ठेवली. मग तो म्हणाला, "चांदन्या शिकवणारं मास्तर तुमीच व्हय?"

"हो."

"त्यो लय सांगायचा तुमचं."

तात्याबानं सगळं सांगितलं. मागं हटायचा हुकूम आला तेव्हा त्यांची तुकडी मुख्य पलटणीपासून तुटली. नऊ जण होते. नकाशा साहेबांकडं, साहेब कुठं ते कुणाला ठाऊक नाही. दोन दिवस धुकं. तिसऱ्या रात्री आभाळ मोकळं झालं.

"त्यो उटून उबा ऱ्हायला. पाच चांदन्या दाखवल्या आमास्नी, त्येच्यावरनं ध्रुव काडला. म्हनला, ह्येच्याकडं पाट करून चालायचं, दक्षिण. खाली मैदान हाय, आपली मानसं हायत. आमी त्येच्या मागनं निगालो. रातभर चाललो. वाट बरूबर हुती, मास्तर. खालचा रस्ता लागला, त्यो म्हनलावता तसाच." तात्याबा थांबला. "पर त्या रस्त्यावर आदीच चिनी येऊन बसलेलं हुतं."

मास्तरांनी हातातलं करवंद परत द्रोणात ठेवलं.

"त्यो पुढं हुता. त्यो आन् आजून तिगं. पयल्याच फैरीला पडलं. मी बगितलं डोळ्यानं. आमी पाच जन मागनं येत हुतो, आमी पळालो रानात. कुटं पळतूय कळंना. आट दिस भटकलो. दिशा न्हाई, कायबी न्हाई. कुनीकडनं तरी भूतानात निगालो."

"म्हणजे तुम्ही..."

"वाट चुकलो म्हनून वाचलो बगा," तात्याबा म्हणाला. त्यानं दोरी पुन्हा हातात घेतली. "त्येची काय चूक न्हवती, मास्तर. त्येनं दिशा बरूबर काडली हुती."

त्या रात्री तात्याबाच्या आईनं मास्तरांना जाऊ दिलं नाही. अंगणात घोंगडं टाकून दिलं. डोंगरातली रात्र, वारा नव्हता, आणि उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले. मास्तरांनी एकदा बघितलं आणि घोंगडं तोंडावर ओढून घेतलं. झोप लागली नाहीच.

मळेवाडीत पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ते आधी घरी गेले नाहीत. झांबऱ्यांच्या अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. चंद्राबाई कावळे हाकत बसली होती आणि अंजना अंगणातल्या चुलीवर चीक ढवळत होती. चंद्राबाईनं मास्तरांचा चेहरा बघितला आणि तिच्या हातातली काठी तशीच राहिली.

वाटेत मास्तरांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. आजारानं गेला, झोपेत गेला, असं सांगायचं ठरवलं होतं. पण अंगणात उभं राहिल्यावर ते म्हणाले, "गोळी लागली. तात्याबानं स्वतः बघितलं. नोव्हेंबरातच. त्रास झाला नाही."

चंद्राबाई रडली नाही. पाच महिने ती ज्या ताऱ्याकडं बघत होती त्याच्या खाली तेव्हाही कुणी नव्हतं, हे तिला बहुतेक तेवढ्या वेळात कळलं असावं. अंजना मात्र उठून उभी राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यांत नवऱ्याचा सहवास दोन महिन्यांचाही नसेल. एरवी मास्तरांसमोर ती बोलत नसे.

"त्येंनी वाट काडलीवती का?" तिनं विचारलं.

"काढली होती."

"बरूबर?"

इथं मास्तरांना खोटं बोलता आलं असतं, किंवा अर्धं सांगून थांबता आलं असतं. पुढं कित्येकदा त्यांनी स्वतःला विचारलं की आपण का थांबलो नाही. कदाचित आयुष्यभर जे दिसतं तेच सांगायची सवय असावी. "बरोबर काढली होती. पण त्या वाटेवर चिनी आधीच आले होते. तो पुढं होता."

"आन् मागची?"

"मागचे पाच जण रानात पळाले. ते वाचले."

"त्येस्नी कुनी वाट दाखवली?" हे चंद्राबाईनं विचारलं.

"कुणीच नाही. ते चुकले."

चुलीवरचा चीक खाली लागल्याचा वास येत होता.  मग चंद्राबाई सावकाश म्हणाली, "चुकली, म्हनून वाचली."

मास्तर खाली बघत उभे राहिले. ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, हातातली काठी फेकेल, असं त्यांना वाटत होतं; तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती उठली, अंजनाच्या हातातून उलथनं घेतलं आणि चीक ढवळायला लागली.

"जावा, मास्तर," ती म्हणाली. "परवासातनं आलासा. ऊन हाय."

त्यानंतर चंद्राबाई वस्तीत आली नाही. शालूबाईनं दोन दिवस संध्याकाळी पोतं टाकून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी उचलून आत ठेवलं.

पलटणीकडं पाठवायचे कागद मास्तरांनीच लिहिले. नानासो ते घेऊन आले होते. तात्याबाची जबानी जोडली, चंद्राबाईचा आणि अंजनाचा अंगठा घेतला. पुढच्या वर्षी सरकारी पत्र आलं आणि जालिंदर कागदावरही मेला. अंजनानं मंगळसूत्र काढलं. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, पण ती गेली नाही. सासूजवळ राहिली आणि रानातलं सगळं काम अंगावर घेतलं.

मास्तर शाळेत जात राहिले. शनिवारचं खळं बंद झालं. मुलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं पुरे." आकाशाचे दोन धडे ते आता दोन तासांत संपवू लागले. ध्रुवाच्या परिच्छेदाशी आले की एका मुलाला उभं करून वाचायला लावायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघायचे. गावानं त्यांना दोष दिला असंही नाही. काही जण म्हणायचे, अष्टग्रहीनं कुणाला तरी नेलंच शेवटी. पण ते मास्तरांच्या तोंडावर कुणी म्हटलं नाही.

शालूबाई एकदा वैतागून म्हणाली, "तुमी काय त्येला तिकडं धाडलासा व्हय?"

"धाडलंच की," मास्तर म्हणाले. "त्याच्या आईनं विचारलं होतं, पाच तारखेपर्यंत ठेवू का. मी म्हटलं, पाठवा."

"तीन दिसानं गेला आसता."

"तीन दिवसांनी गेला असता तर दुसऱ्या तुकडीत पडला असता. किंवा त्याच तुकडीत पडला असता. आणि मी शिकवलं नसतं तर तोही चुकला असता."

 शालूबाई ताट करायला उठली.

पासष्ट सालच्या दिवाळीत वर्तमानपत्रात आलं की पहाटे धूमकेतू दिसणार. त्या वर्षी पाकिस्तानची लढाई नुकतीच थांबली होती. आसपासच्या गावांत पुन्हा पलटणीच्या तारा येऊन गेल्या होत्या. मास्तरांनी बातमी वाचली, घडी घातली आणि जाणार नाही असं ठरवलं. पण चार वाजता जाग यायची सवय मोडलेली नव्हती. दिवाळी संपून आठवडा होत आला असेल, ते अंथरुणात पडून राहिले, मग उठले, घोंगडं घेतलं आणि कित्येक दिवसांनी बांधावर गेले.

ऊस पुरुषभर उंच झाला होता. आग्नेयेला, उसाच्या तुऱ्यांच्या वर, एक लांबच लांब पांढरा फराटा उभा होता. खाली जाड, वर पसरत गेलेला, किंचित वाकलेला. मास्तरांनी हयातीत असं काही बघितलेलं नव्हतं. नकळत त्यांचा हात लांब झाला, मूठ वळली गेली; अडीच मुठी भरली शेपटी. क्षणभर ते हरखले, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली. हात खाली घेतला.

बांधावरून कुणीतरी येत होतं. डोक्यावर पाटी, हातात कंदील. अंजना. पाणी द्यायची तिची पाळी असावी. तिनं मास्तरांना ओळखलं आणि थांबली. अडीच वर्षांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती. समोरून आली तर पदर सावरून बाजूनं निघून जायची.

तिनं कंदील खाली ठेवला. "हे काय हाय?"

"धूमकेतू." मास्तर म्हणाले. "शेपटीचा तारा. सूर्याला वळसा घालून परत चाललाय."

"कुटं?"

"लांब. शेकडो वर्षांनी परत येईल."

ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना कौतुक. मास्तरांना वाटलं, आता तरी काही बोलावं. चंद्राबाई कशी आहे एवढं तरी विचारावं. शब्द जुळवेपर्यंत तिनं कंदील उचलला.

"आत्यास्नी रातचं दिसत न्हाई आता," ती जाता जाता सासूबद्दल म्हणाली. "न्हाईतर दाखवला आसता."

आणि ती पाटाकडं निघून गेली. कंदील उसात दिसेनासा झाला. पूर्व उजळेपर्यंत मास्तर तिथंच उभे होते.

घरी शालूबाईनं चूल पेटवली होती. "दिसला का?"

"दिसला."

"उद्या मलाबी उटवा."

मास्तर हो म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. अवेळी आलेले ते ढग आठ दिवस हलले नाहीत. उभ्या ज्वारीवर चिकटा पडला, शाळू पेरायला उशीर झाला. आभाळ निवळलं त्या पहाटे मास्तरांनी शालूबाईला हाक मारली, दोघं बांधावर गेली, आणि बराच वेळ आग्नेयेकडं बघत थांबली. तिथं आता काही नव्हतं.